जुनी शिडाची बोट आधी कुठे दगा देते?

२९ मे २०२५ रोजी नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघी 'तारिणी' या शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करून गोव्यात परतल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात तिन्ही सैन्यदलांतल्या दहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन 'त्रिवेणी' मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून अशाच फेरीला निघाली. बातम्यांमधून लाटा, थंडी, दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न हे सगळं आपल्यापर्यंत पोचलं. वाटेतल्या बंदरांत बोट थांबते तेव्हा शिधा-पाणी भरण्याइतकाच वेळ बोल्ट, तारा, झडपा आणि शिडांची शिवण तपासण्यात जातो, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही.

'तारिणी' तशी तरुणच. गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेली ही बोट २०१७ साली नौदलात आली. जगभरच्या समुद्रांवर फिरणाऱ्या खासगी शिडाच्या बोटी मात्र पुष्कळदा १९७० किंवा १९८०च्या दशकांतल्या असतात. मध्यमवर्गीय जोडपी अशा बोटी विकत घेतात, त्यांत राहतात, महासागर ओलांडतात. परदेशात राहणाऱ्या काही मराठी मंडळींनाही हा मोह होतो, कारण चाळीस वर्षांची बोट तिथे जुन्या मोटारीच्या भावात मिळू शकते. मग साहजिक शंका येते: चाळीस वर्षं खाऱ्या पाण्यात काढलेल्या वस्तूवर जीव सोपवायचा कसा?

अंग टिकतं, सांधे जातात

आधी बोटीचं अंग, म्हणजे बाहेरचं कवच, पाहू. १९६०च्या दशकापासून लहान बोटी मोठ्या प्रमाणावर फायबरग्लासच्या होऊ लागल्या. काचतंतूंच्या कापडावर रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट द्रव, ओतून, थरावर थर चढवून हे अंग तयार होतं. नवं साहित्य किती काळ टिकेल याचा अंदाज नसल्यामुळे त्या काळच्या अनेक बांधणाऱ्यांनी थर सढळ हाताने चढवले. त्या जाड बोटींचं अंग आजही भक्कम आहे.

त्रास सुरू होतो तो दोन वस्तू जोडल्या जातात तिथे. डोलकाठीची तार जिथे बोटीला अडकवली आहे, नळ जिथे तळातून आरपार जातो, बोटीचा तोल राखणारं तळाचं जड वजन, म्हणजे कील, जिथे बोल्टांनी आवळलेली आहे, तिथे धातू असतो, खारं पाणी असतं आणि बहुतेक वेळा डोळा पोचत नाही. जुन्या बोटीची देखभाल म्हणजे मुख्यतः या झाकलेल्या जागा उघडून पाहण्याचं काम. रंगरंगोटी, पॉलिश, गाद्यांची खोळ हे सगळं डोळ्यांना सुखावतं, पण बोट विकणारा माणूस पैसे नेमके त्यावरच घालतो आणि घेणारा नेमका त्यालाच भुलतो. मला हे फार खटकतं, कारण त्या चकचकीत लाकडापलीकडे अगदी थोड्या अंतरावर डोलकाठीचा आधार गंजत असू शकतो.

स्टेनलेसला गंज कसा लागेल?

डोलकाठी स्वतःच्या बळावर उभी नसते. पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी स्टेनलेस स्टीलच्या तारांनी ती ताणून धरलेली असते. या सगळ्या तारांना मिळून रिगिंग म्हणतात. प्रत्येक तारेचं खालचं टोक ज्या धातूच्या पट्टीला अडकवतात तिचं नाव चेनप्लेट. ही पट्टी बहुधा डेकमधल्या, म्हणजे बोटीच्या वरच्या पृष्ठभागातल्या, फटीतून खाली जाते आणि आत बोटीच्या भिंतीला बोल्टांनी पक्की केलेली असते.

स्टेनलेस गंजत नाही असं आपण धरून चालतो. खरं तर त्याचं संरक्षण त्यातल्या क्रोमियममुळे होतं. हवेतल्या ऑक्सिजनशी क्रोमियमचा संयोग होऊन पृष्ठभागावर अत्यंत पातळ थर तयार होतो. ओरखडा उठला तरी ऑक्सिजन मिळताच थर पुन्हा जुळून येतो. म्हणजे स्टेनलेसला हवा लागते. चेनप्लेट डेकमधून जिथे जाते तिथे पाणी आत येऊ नये म्हणून सीलंट भरलेलं असतं. काही वर्षांनी ते सुटतं, खारं पाणी झिरपतं आणि तिथेच साचून राहतं. त्या कोंडलेल्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो. थर पुन्हा जुळत नाही आणि पट्टी आतल्या आत खाल्ली जाते. वरचा उघडा भाग मात्र आरशासारखा चमकत राहतो.

म्हणून 'वरून तर नव्यासारखी दिसते' या वाक्याला इथे काही किंमत नाही. पट्टी काढूनच पाहावी लागते. काढल्यावर ती घासून स्वच्छ करायची आणि लाल रंगाचं भेदक द्रव लावायचं. थोड्या वेळाने पृष्ठभाग पुसून पांढरा विकासक फवारला की केसाएवढी चीर असली तरी तिच्यातला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. हे रसायन वेल्डिंगच्या तपासणीसाठी सर्रास वापरतात, त्यामुळे ते मिळायला अवघड नाही. चीर दिसली तर वेल्डिंग करून भागवू नये. पट्टी नवी करावी.

तारांचंही असंच. तार जिथे टोकाच्या धातूच्या नळीत दाबून बसवलेली असते तिथे पाणी शिरतं. सर्वसाधारणपणे एकोणीस तारांचा पीळ असतो आणि त्यातली एक तुटली तरी ती पूर्ण तार बदलायची हा जुना नियम आहे. तारेवरून कापूस फिरवला की तुटलेल्या तारेचं टोक त्यात अडकतं. तारांचं आयुष्य साधारण दहा ते पंधरा वर्षं धरतात आणि दहा वर्षांनंतर अनेक विमा कंपन्या तारा बदलल्याचा पुरावा मागतात.

एवढ्याशा बोल्टाने काय होणार?

२०१८च्या गोल्डन ग्लोब रेसमध्ये याचं उत्तर मिळतं. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीला फेरी मारण्याची ही शर्यत. नियमानुसार बोटी जुन्या आराखड्याच्या, म्हणजे १९८८च्या आधी आखलेल्या हव्यात. फ्रान्सचे ज्याँ-ल्यूक व्हान दन हीद आघाडीवर होते. नोव्हेंबरात दक्षिण पॅसिफिकमधल्या वादळात त्यांची बोट उलथली. सावरली, पण डोलकाठीवर जिथे खालच्या आधारतारा बोल्टाने जोडलेल्या होत्या तिथे बोल्ट काठीचा पत्रा फाडत खाली सरकला होता. तारा सैल झाल्या होत्या. त्र्याहत्तर वर्षांचे हे गृहस्थ भर समुद्रात, हलत्या काठीवर पुन्हा पुन्हा चढले, जोड बांधून काढला, पुढे शिडं जपून वापरली आणि २९ जानेवारी २०१९ रोजी पहिले आले. त्याच शर्यतीत पाच बोटींच्या डोलकाठ्या मोडल्या. आपल्या अभिलाष टॉमी यांची गोव्यात बांधलेली 'थुरिया' त्यांपैकीच एक. पाठीला गंभीर इजा झालेल्या टॉमींना फ्रेंच जहाज 'ओसिरिस'ने वाचवलं. 'थुरिया' तर नवी होती, त्यामुळे दोष म्हातारपणाचा असं म्हणता येत नाही. वादळात बोट पूर्ण उलथली की सगळा हिशेब सांध्यांच्या ताकदीवर येतो, मग बोट नवी असो वा जुनी.

दोन धातू आणि खारं पाणी

खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू ठेवून एकमेकांना जोडले की वीज वाहू लागते आणि त्यातला अधिक सक्रिय धातू झिजतो. बोटीत हे टाळता येत नाही, कारण बोट ढकलणारा पंखा (प्रोपेलर) कांस्याचा, त्याचा दांडा स्टेनलेसचा, इंजिन ओतीव लोखंडाचं आणि सगळं एकमेकांना जोडलेलं. उपाय असा की त्यांच्या सोबतीला जस्ताचा तुकडा जोडायचा. जस्त सर्वांत सक्रिय, म्हणून तेच झिजतं आणि बाकीचे वाचतात. या तुकड्याला अ‍ॅनोड म्हणतात. दर्यावर्दी नुसतं झिंक म्हणतात.

कल्पना जुनी आहे. ब्रिटिश नौदलाच्या लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकत आणि ते झिजत. १८२४ साली हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने पत्र्यांना लोखंड किंवा जस्ताचे तुकडे जोडून झीज थांबवली. प्रयोग यशस्वी झाला आणि नवीच अडचण उभी राहिली. तांबं विरघळेनासं झालं तसे त्याचे विषारी कणही पाण्यात उतरेनासे झाले, तळावर शिंपले आणि शेवाळ माजलं, जहाजं मंदावली. तळाला लावायच्या आजच्या रंगांतही बहुधा तांबं असतं, आणि ते हळूहळू विरघळावं अशीच त्यांची रचना असते. फायबरच्या अंगावर हा रंग चालतो. अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीला तांब्याचा रंग लावला तर तोच तिचं अंग खातो.

झिंक अर्धं झिजलं की बदलायचं. त्याला रंग कधीच लावायचा नाही, रंगाखाली ते निकामी होतं. वर्षभरानंतरही ते जसंच्या तसं असेल तर आनंद मानू नये. त्याची जोडणी तुटलेली आहे आणि झीज दुसऱ्या कशाची तरी चालली आहे, असाच त्याचा अर्थ. उलट दोन महिन्यांतच ते संपत असेल तर धक्क्यावरून घेतलेल्या विजेकडे पाहावं. त्या केबलमधल्या अर्थिंगच्या तारेने शेजारच्या बोटी एकमेकींना जोडल्या जातात आणि तुमचं झिंक शेजाऱ्याच्या पंख्याची राखण करू लागतं. यासाठी गॅल्व्हॅनिक आयसोलेटर नावाचं छोटं उपकरण मिळतं.

बोटीच्या तळाला मुद्दाम पाडलेली भोकं

इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत घ्यावं लागतं, मोरीचं आणि संडासाचं पाणी बाहेर सोडावं लागतं. त्यासाठी पाण्याच्या पातळीखाली भोकं असतात आणि प्रत्येक भोकावर एक झडप. तिला सीकॉक म्हणतात. बोट बुडण्याची भीती बहुतेकांना वादळाची वाटते. मला या झडपांची अधिक वाटते, कारण त्या शांत बंदरात, कुणी बोटीवर नसतानाही बोट बुडवू शकतात. ३८ मिलिमीटरचं भोक पाण्याखाली ६० सेंटिमीटरवर असेल तर त्यातून मिनिटाला साधारण १४० लिटर पाणी आत येतं. हातपंपाने हे पाणी उपसणं दमलेल्या माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे.

गोम धातूत आहे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. समुद्राच्या पाण्यात पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे उरतं ते ठिसूळ, सच्छिद्र तांबं. आकार तोच, वजन जवळपास तेच, ताकद शून्य. कधी तरी नळ हलवला की झडपेची मान हातात येते. युरोपात खासगी बोटींच्या झडपांसाठी जे मानक होतं त्यात 'गंजरोधक' म्हणजे पाच वर्षांच्या वापरात दोष न दाखवणारा धातू, एवढीच व्याख्या होती. म्हणून कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या अनेक बोटींत साधी पितळी झडप बसत राहिली आणि ग्राहकाला ती कांस्याची वाटत राहिली. दोन्ही धातू पिवळसरच दिसतात. सुरीने खरवडून पाहावं. आतला धातू पिवळा न दिसता गुलाबी दिसला तर जस्त गेलंय असं समजावं आणि बोट पाण्याबाहेर काढून झडप बदलावी. तिच्या जागी कांस्य, जस्त न सोडणारं खास पितळ किंवा काचतंतूंनी बळकट केलेलं प्लास्टिक चालतं. शिवाय प्रत्येक झडपेशेजारी त्या भोकाच्या मापाची निमुळती लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवायची असते. भोक कधी फुटलंच तर ती ठोकून बसवता येते.

फायबर कुजत नाही ना?

फायबर कुजत नाही, पण त्याच्या पोटात जे भरलेलं असतं ते कुजतं. डेक हलका आणि ताठ राहावा म्हणून फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा नावाचं हलकं लाकूड किंवा प्लायवूड घालतात. डेकवर काहीही बसवायचं तर स्क्रूचं भोक पाडावं लागतं. त्या भोकातून पाणी आत गेलं की लाकडाचा लगदा होतो. वरून काही कळत नाही. बाजारात माठ घेताना आपण टिचकी मारून आवाज ऐकतो, तसं लहान प्लास्टिकच्या हातोडीने संपूर्ण डेक ठोकत जायचं. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी भद्द. खडूने खुणा करत गेलं की डेकवर नकाशाच तयार होतो. मग वरचा थर कापून लगदा खरवडायचा, जागा वाळवायची, नवं लाकूड किंवा फोम बसवून इपॉक्सीने, म्हणजे एका मजबूत रेझिनने, पुन्हा थर चढवायचे. काम कष्टाचं आहे, पण घरचा माणूस शिकून करू शकतो. यापुढे स्क्रू बसवताना भोक मोठं पाडून, ते इपॉक्सीने भरून, वाळल्यावर त्यातच लहान भोक पाडायचं. मग पाणी आलं तरी लाकडापर्यंत जात नाही.

तळावर येणाऱ्या फोडांची मात्र लोक उगाच धास्ती घेतात. पाणी वरच्या थरातून आत मुरतं, तिथल्या उरलेल्या रसायनांशी मिसळतं आणि फोड येतात. फोडल्यावर त्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. दिसायला वाईट, दुरुस्ती वेळखाऊ, पण त्यापायी बोट बुडणं फार दुर्मिळ. फोडांचा उपयोग मी तरी किंमत पाडून घ्यायला करेन.

इंजिन नेमकं खवळलेल्या समुद्रातच का बंद पडतं?

हा योगायोग नसतो. डिझेलच्या टाकीत दमटपणामुळे पाणी जमतं. पाणी जड, म्हणून तळाशी राहतं. डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांचा काळा गाळ साचतो. शांत पाण्यात तो तळाशी पडून असतो. समुद्र खवळला की टाकी घुसळली जाते, गाळ वर येतो, फिल्टर तुंबतो आणि गरज असते तेव्हाच इंजिन गप्प होतं. टाकी भरलेली ठेवणं, फिल्टरच्या तळाचं पाणी वरचेवर सोडणं आणि काही वर्षांनी टाकी उघडून धुणं हा उपाय.

समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपातली रबरी पंख्याची चकती वर्षातून एकदा बदलावी. तिचं एखादं पातं तुटलेलं निघालं तर तुकडा शोधून काढलाच पाहिजे, नाहीतर तो पुढे इंजिनाची उष्णता काढून घेणाऱ्या उष्णताविनिमयकात अडकून इंजिन तापवत राहतो.

कील निखळू शकते का?

फार क्वचित, पण निखळते. शिडाची बोट वाऱ्याने आडवी होऊ नये म्हणून तळाशी शिशाचं किंवा लोखंडाचं जड वजन असतं, तीच कील. मे २०१४ मध्ये 'चीकी राफीकी' ही बोट अँटिग्वाहून इंग्लंडला जाताना अटलांटिकमध्ये तिची कील सुटली आणि चारही खलाशी मृत्युमुखी पडले. आधी बोटीचा तळ वेळोवेळी जमिनीला लागल्यामुळे आणि नंतरच्या दुरुस्त्यांमुळे कीलजवळचा आतला जोड कमकुवत झाला असावा, असं ब्रिटिश तपासयंत्रणेने नोंदवलं. बोट तेव्हा दहा वर्षांचीही नव्हती. म्हणून बोट घेताना तिच्या वयाइतकंच हे विचारावं: तळ कधी लागला होता का, आणि त्यानंतर बोल्ट कुणी तपासले?

मग नवीच बोट का घेऊ नये?

पैसे असतील तर घ्यावी. मात्र नव्या बोटीच्या झडपाही पितळी असू शकतात, आणि जुन्या बोटीची सगळी झाकलेली जागा उघडून पाहिली असेल तर ती न तपासलेल्या नव्या बोटीपेक्षा मला अधिक विश्वासाची वाटते. याबाबतीत 'सुहेली'चं उदाहरण आपल्याला जवळचं आहे. ही ३२ फुटी सागवानी बोट मुंबईत बांधली गेली आणि १९६४ साली पाण्यात उतरली. तिच्यातूनच रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ या काळात एकट्याने, न थांबता पृथ्वीची पहिली फेरी पूर्ण केली. अटलांटिकमध्येच तळाच्या फळ्यांच्या फटी उघडून पाणी येऊ लागलं. त्यांनी पाण्याखाली बुडी मारून फटीत सूत ठासलं आणि वर कॅनव्हास आणि तांब्याच्या पत्र्याची पट्टी ठोकली. पुढे संग्रहालयातल्या कोरड्या हवेत ठेवल्यावर तिच्या फळ्या आकसू लागल्या, तेव्हा तिला बाहेर काढून पुन्हा दुरुस्त करावं लागलं. साठी उलटल्यावरही ती आहे, कारण तिचं काय बिघडतंय याकडे कुणीतरी सतत पाहत आलं.

खर्चाच्या बाबतीत मात्र फसगत होते. बोटीची किंमत वर्षागणिक उतरते, तारांची आणि शिडांची उतरत नाही. तीन लाखांच्या आणि तीस लाखांच्या ३६ फुटी बोटीला नव्या तारांचा खर्च सारखाच येतो. त्यामुळे स्वस्त बोट घेताना हाती राखलेला पैसा किंमतीइतकाच असावा, असं मी सुचवेन.

सगळं एकदम कसं जमणार?

जमत नाही आणि तशी गरजही नाही. आधी पाणी आत येण्याच्या जागा, म्हणजे झडपा, नळ्या, पंख्याच्या दांड्याचं सील आणि उपसा-पंप. सोबत स्वयंपाकाचा गॅस, कारण गळलेला गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे बोटीच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीने स्फोट होतो. त्यानंतर डोलकाठी आणि तिचे आधार, मग सुकाणू, मग इंजिन. बाकीचं सवडीने.

कोकण किनाऱ्यावर कामाचं वेळापत्रक निसर्गच ठरवतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा होड्या वर ओढून त्यांची डागडुजी होते. मुंबईतल्या शिडाच्या बोटीही पावसाळ्यात पाण्याबाहेर असतात. आपल्या उबदार पाण्यात झीज आणि शेवाळ दोन्ही वेगाने वाढतात. उन्हामुळे शिडाच्या कापडाआधी त्याच्या शिवणीचा दोरा जातो, म्हणून नखाने दोरा खरवडून पाहावा. सहज तुटला तर शीड पुन्हा शिवून घ्यायची वेळ झाली.

सुटे भाग आयात करावे लागतात ही तक्रार खरी आहे, पण चेनप्लेटसारखी वस्तू मुंबईत किंवा गोव्यात चांगल्या फॅब्रिकेटरकडून होऊ शकते. जुनी पट्टी नमुना म्हणून द्यावी आणि ३१६ दर्जाचंच स्टेनलेस मागावं. त्यात मॉलिब्डेनम असल्यामुळे खाऱ्या पाण्यात ते साध्या ३०४ दर्जाच्या स्टेनलेसपेक्षा अधिक टिकतं. दोन्ही दिसायला सारखे, चुंबकानेही फरक कळत नाही, म्हणून पत्र्यासोबत तो बनवणाऱ्या पोलाद कारखान्याचं प्रमाणपत्र घ्यावं किंवा मॉलिब्डेनम ओळखणाऱ्या रसायनाचा थेंब टाकून पाहावा. भोकांच्या कडा घासून गुळगुळीत करून घ्याव्यात, चिरा तिथूनच सुरू होतात. आणि करतोच आहोत तर एक पट्टी जास्तीची करून, तिच्यावर महिना-वर्ष कोरून, बोटीतच ठेवावी.